मागच्या टोकाला ठेवलेली चूल

"उतर खाली, लॅमार. पुन्हा सांगणार नाही."

"नाही उतरत. काय करशील?"

"मग बसल्या जागी सांग. आत काय भरलंयस?"

"काही नाही!"

"काही नाही? तीस फुटी ट्रेलर भर रस्त्यात दारुड्यासारखा झोकांड्या खातो, नि काही नाही?"

"वारा होता. तुला दिसला नाही वारा?"

मर्लमामाने इंजिन बंद केलं. तो ओरडत नाही कधी. ओरडत होतो तो मी. पण त्याने हात स्टिअरिंगवरनं काढले नाहीत. दीड वर्ष मी त्याच्या पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसतोय, गाडी थांबल्यावर त्याने चाक धरून ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. मॉन्टानात लिव्हिंग्स्टन गावाच्या अलीकडे डोंगरातनं आडवा वारा येतो. आम्ही उतारावर होतो. एक मोठा मालट्रक बाजूने पुढे गेला. त्याच्या हवेने आधी आम्हाला बाहेर ढकललं, मग आत ओढलं. असं रोज होतं. ट्रेलर एकदा हलतो नि गप बसतो. या वेळी तो हलला, परत हलला, नि दर खेपेला जास्तच. मी मागच्या काचेतनं पाहिलं, ट्रेलरचा पांढरा कोपरा शेजारच्या पट्ट्यात जाऊन आला. त्या पट्ट्यात एक छोटी निळी गाडी होती. आतली बाई दोन्ही हातांनी चाक धरून आमच्याकडे बघत होती.

"ब्रेक मार!" मी किंचाळलो.

मामाने ब्रेकला पाय लावलाच नाही. उलट वेगावरचा पाय उचलला, चाक सरळ धरलं नि उजव्या हाताने स्टिअरिंगशेजारची छोटी चिमटी दाबली. ती नुसते ट्रेलरचे ब्रेक लावते, ट्रकचे नाही. मागनं कुणी कॉलर धरून ओढावं तसा ट्रेलर ताणला गेला नि सरळ आला. निळी गाडी भुर्रकन पुढे निघून गेली. पुढे विश्रांतीचा थांबा होता, तिथे आम्ही वळलो. तिथं हे भांडण चाललं होतं.

"कालपासून विचारतोय तुला," मामा म्हणाला. "गाडी मागनं हलकी लागतेय, जोडणीचे बार घट्ट केलेस का. केले म्हणालास. टायर पाहिलेस का. पाहिले म्हणालास. बिलिंग्जला म्हटलं परत वजनकाट्यावर घालू, तर तू म्हणालास पावती आहे ना, कशाला. मी म्हटलं बरं, पोरगा म्हणतोय."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मला लागलं की मी जास्त ओरडतो.

"मग नको ना ठेवूस विश्वास! मी सांगितलं होतं ठेव म्हणून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हात पुढे केला. "किल्ली दे ट्रेलरची."

आमच्याकडे, इंडियानात, गोशेनच्या आसपास अर्धी दुनिया हे ट्रेलर बनवते. आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. सुट्टीत लोक जंगलात घेऊन जातात. बनवणारे निम्मे आमिश, म्हणजे जुन्या वळणाचे ख्रिस्ती, दाढीवाले, घोडागाडीवाले. त्यांच्या धर्मात मोटार चालवायची नसते, पण ट्रेलर असे ठोकतात की खिळा दिसत नाही. मग माझ्या मामासारखे लोक स्वतःच्या पिकअपला एकेक जोडून देशभर दुकानदारांना पोचवतात. मामा एकतीस वर्षं पोचवतोय. एकही कुठे घासला नाही. ऑफिसातली डॉटी म्हणते, मर्लच्या नावापुढचा नुकसानीचा रकाना कोराच आहे, उंदराने खाल्ला असेल तर तेवढाच.

कंपनीचे नियम दोन. नव्या ट्रेलरमध्ये झोपायचं नाही. नि आत काही न्यायचं नाही, सुईसुद्धा नाही. बाकीचे ड्रायव्हर गुपचूप गादीवर प्लास्टिकसकट आडवे होतात. मामा ट्रकच्या मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. तो ट्रेलरच्या आत पायच ठेवत नाही. "दुसऱ्याचं घर आहे," म्हणतो. म्हणून तर दोन दिवस त्याला काही कळलं नाही.

आत माझ्या आजीची चूल होती.

बिडाची, लाकडावरची, चार पायांची, साडेचारशे पौंडांची. आजी वसंतात गेली. जाण्याआधी म्हणाली, चूल आयडाला द्या. आयडा माझी मावशी, मॉन्टानातल्या आमिश वस्तीत दिलेली. तिची चूल तळातनं जळून गेलेली, थंडी तोंडावर. ती चूल अठराशे मैल नेणार कोण? थोरला मामा इनोस माझ्याकडे आला.

इनोसमामाने मला आयुष्यात तीनच वाक्यं म्हटली असतील, त्यातली दोन "केस काप". मी शाळेत मास्तरांवर खुर्ची भिरकावली नि परत गेलो नाही, तेव्हापासून तेही बंद. तो त्या दिवशी टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, तुम्ही तिकडेच जाताय ना.

मी म्हटलं, मर्लमामाला विचार.

म्हणाला, "त्याला मी कसं विचारू?"

ते खरंच होतं. मर्लमामाने विसाव्या वर्षी शपथ घेतली, समाजात आला, नि बाविसाव्या वर्षी ट्रकपायी सगळं सोडून गेला. त्याला वाळीत टाकलं. त्याच्या हातचं घ्यायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही, त्याच्या ताटाला ताट लावायचं नाही. माझी आई शपथेच्या आधीच पळाली, म्हणून ती सुटली नि मीही. मला विचारता येतं. सख्ख्या भावाला नाही.

"पण ओढणार तोच ना!" मी म्हटलं.

इनोसमामाने जरा विचार केला. "ट्रेलर कंपनीचा. ठेवणार तू. मी तुला सांगतोय." नि त्याने माझ्याशी हात मिळवला, बाप्याशी मिळवतात तसा.

तेवढ्यावर मी खूश. सकाळी मामा ट्रक घेऊन डिझेल भरायला गेला. ट्रेलर आवारात सुटा उभा होता. वजन आदल्या संध्याकाळीच केलेलं, पावती खिशात. घोडागाडीतनं सहा जण आले, चूल उचलली. मागच्या टोकाला सायकली ठेवायचं रुंद दार असतं, तिथनं सरळ आत, पोरांच्या दुमजली बिछान्याखाली. दुसऱ्या कुठल्या दारातनं ती गेलीच नसती.

मामा आला तेव्हा जोडणी मी केली. जॅक फिरवताना पुढचं टोक हलकं लागलं. मला बरं वाटलं, मेहनत कमी. साखळ्या खालनं फुली मारून अडकवल्या, वायर लावली, दिवे बघितले. मामा नेहमी माझ्यामागनं सगळं परत हाताने तपासतो, मला त्याचा राग येतो. त्या दिवशी त्याने विचारलं, "सगळं बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं." तो चढला नि निघाला. पहिल्यांदाच.

मला माहीत नव्हतं असं नाही. दीड वर्षात शंभरदा ऐकलंय. ट्रकच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक दाबून बसलं पाहिजे. शंभर पौंडांतले दहा-बारा तरी त्या नाकावर. मागं जड झालं की नाक उचलतं, मग शेपूट मोकळं. पण मला वाटलं, एक चूल. एवढ्याने काय होतंय.

मामाने मागचं रुंद दार उघडलं. मी ट्रकपाशीच उभा राहिलो, हात खिशात. म्हटलं आता फुटणार. नाही फुटला. मग मीच गेलो.

तो वाकून भट्टीच्या दाराच्या मुठीला हात लावत होता. ती मूठ नव्हती. घोड्याच्या साजाची लोखंडी कडी होती, तारेने बांधलेली.

"ही मी बसवली," तो म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो. मूळची तुटली माझ्याच हातनं."

मी बुटाने खडी उकरत राहिलो.

"कुणी चढवली?"

"इनोसमामा. नि पाच जण."

"आयडाकडे?"

"हं."

"मला का नाही विचारलं?"

"तुला विचारता येत नाही ना," मी म्हटलं. म्हणून मोकळा झालो नि लगेच जीभ चावली.

मामाने मान हलवली. जणू मी त्याला किती वाजले ते सांगितलं.

मग तो पाठ सरळ करून उभा राहिला नि बोटाने रस्त्याकडे दाखवलं. "ती निळी गाडी. मागं लहान मुलाची खुर्ची होती. पाहिलीस?"

मी नव्हती पाहिली. मी बाईचाच चेहरा पाहिला होता.

"चूल कुणाचीही असो. आईची असो नाहीतर बिशपची. मागं ठेवलीस. नि मला सांगितलं नाहीस."

"मग टाकू इथंच!" मी पुन्हा भडकलो. "इथं ठेवू कचऱ्याच्या डब्याशेजारी, नि जाऊ. कंपनीला कळलं तर तुला काढतील."

"काढतीलच."

"मग?"

"मग काय? इथनं पुढे तिला मागं ठेवून चालवता येत नाही. पुढे घ्यायची. चाकांच्या वर, जराशी नाकाकडे. ट्रकमधनं कुदळ-फावड्याचे दांडे काढ, फळी काढ. बूट काढ आधी, नवं घर आहे."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मामा ट्रेलरच्या आत चढला, मोज्यांवर. दीड तास लागला. फळी खाली, दांडे गोल फिरायला, मामा पहारीने उचलायचा, मी ढकलायचो. बोट बोट. तो म्हणायचा थांब, मी थांबायचो. मग एकदा नाही थांबलो. घामाने डोळे चुरचुरत होते, उरली होती एक हात जागा, मी खांदा लावला नि दिला जोर. दांडा निसटला, चुलीचा पाय फळीवरनं घसरला नि नव्याकोऱ्या जमिनीवर वीतभर चीर पडली.

मी म्हटलं, "गालिचा टाकतील वर."

मामा गुडघ्यावर बसला. चीर जोडते का ते अंगठ्याने दाबून बघितलं. नाही जोडली. मग चार पट्ट्यांनी चूल अशी आवळली की भूकंपात हलली नसती.

पुढच्या काट्यावर वजन केलं. मामाने पावती स्वतः वाचली, मग माझ्या हातात दिली. "वाच."

"नाकावर नऊशे दहा. एकूण सात हजार सहाशे."

"किती टक्के?"

"बारा." मी शाळेत कधी इतकं पटकन उत्तर दिलं नव्हतं.

त्यानंतर तोच रस्ता, तोच वारा, नि ट्रेलर असा मागे आला की आहे का नाही कळू नये.

आयडामावशीची वस्ती आमच्या वाटेवरच, मिझूलाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. दुपार कलत होती. मामाने ट्रक फाटकाच्या बाहेरच लावला. आत नेला नाही.

वस्तीतले लोक आले. मामा दहा पावलं बाजूला कुंपणाला टेकून उभा राहिला. त्याने पट्ट्या सोडून ठेवल्या होत्या नि मागचं दार उघडून ठेवलं होतं, म्हणजे कुणाला त्याच्या हातनं काही घ्यायला नको. त्यांनी चूल उतरवली, जमिनीवर ठेवली, दम घेतला, परत उचलली. जाताना एकेकाने मामाकडे बघून टोपीला बोट लावलं. तेवढं चालतं.

मावशी पांढरी टोपी बांधून दारात होती. आजीसारखीच बुटकी. अडतीस वर्षांनी बघत होती ती भावाला.

"वाळलास," ती म्हणाली.

"तू भरलीस माझ्या वाटणीची."

"जीभ तशीच आहे."

"तिचं वजन कुणी करत नाही."

ती हसली नि पदरासारखं ॲप्रन तोंडाला लावलं. मला वाटलं हसतेय. मग दिसलं, हसत नव्हती.

"जेवूनच जायचं," ती म्हणाली. मला नाही, त्यालाच.

"आयडा, कशाला. तुझ्या लोकांना..."

"हात धुऊन ये, म्हटलं ना."

आत गेलो तर मोठ्या टेबलाला लागून एक छोटं टेबल ठेवलेलं. लागून म्हणजे अगदी लागून नाही. मधे बोटभर फट. वाळीत टाकलेल्याशी एका टेबलावर जेवायचं नाही, तर हे दुसरं टेबल, झालं. मावशीने एक लांबलचक पांढरी चादर काढली नि दोन्हींवर एकच अंथरली. फट दिसेनाशी झाली. तिचा नवरा त्या वेळी खिडकीतनं घोड्याकडे बघत होता. घोडा नुसता उभा होता, बघण्यासारखं काही करत नव्हता.

मामा छोट्या टेबलाशी बसला, मावशी नि तिचा नवरा मोठ्याशी. मी नेमका मधे, एक कोपर इकडे, एक तिकडे. कोंबडी नि शेवया, कुस्करलेले बटाटे, घरचा पाव, सफरचंदाचा दाट आटवलेला गर. भांडं ती त्याच्या हातात देत नव्हती. आपल्या टेबलाच्या कडेला ठेवायची, हात मागे घ्यायची. मग तो उचलायचा. एकदा तिने भांडं चुकून त्याच्या बाजूला ठेवलं. तिचा नवरा पाव कापत राहिला.

तो तीनदा बटाटे घेऊन जेवला. घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटला, मला कळलं नाही. मावशीला कळलं.

निघताना ती म्हणाली, "पुढच्या फेरीला ये."

मामा म्हणाला, "बघू."

आज सकाळी कॅलिस्पेलला ट्रेलर पोचवला. दुकानातला माणूस, कर्ट नावाचा, च्युइंगगम चघळत बाहेरनं एक फेरी मारून कागद पुढे केला. "छान. कर सही."

"आत बघ," मामा म्हणाला.

"नवा आहे. आत काय बघायचं?"

मी मामाच्या बाहीला धरून ओढलं. तो माणूस बघत नव्हता. चीर ओट्याच्या कडेला होती, लोक गालिचा टाकतातच. कुणाला वर्षभर कळलं नसतं. एकतीस वर्षांचा कोरा रकाना कोराच राहिला असता.

मामाने पेन घेतलं नि त्याच्या चौकोनी अक्षरात लिहिलं. जमीन वीतभर फाटली आहे. आत चूल नेली होती. नेणारा मर्ल बाँट्रेगर.

"माझं नाव लिही!" मी ओरडलो. आवारातली सगळी माणसं वळून बघायला लागली. "मी ठेवली, मी फाडली, तुला माहीतसुद्धा नव्हतं! लिही लॅमार श्रॉक!"

"गाडी मी चालवत होतो."

"पण खोटं मी बोललो!"

"ते तुझं-माझं. कागदाला त्याच्याशी घेणं नाही. कागदाला विचारायचंय की ट्रेलर कुणी आणला."

अर्ध्या तासात डॉटीचा फोन. मामाने फोन कानापासून लांब धरला होता, मलाही ऐकू येत होतं. "मर्ल, अरे लिहिलंस कशाला? कुणी विचारलं होतं तुला? आता वरच्यांनी पाहिलंय, मी काय करू? तुला माहितीये ना नियम?" मग हळूच, "परतीला कुठला माल देऊ नको म्हणालेत. कुठलाच नाही. कळतंय ना?"

"कळतंय, डॉटी. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे?"

हा असा माणूस. मी त्याच्यावर चिडून पायीच निघालो, दोन मैल चाललो, परत आलो. तो ट्रकला टेकून सफरचंद खात उभा होता. अर्धं मला दिलं.

आता आम्ही रस्त्यावरच्या कॅफेत थांबलोय. मी आत बसलोय, कॉफी गार झाली. मामा केव्हाच उठून बाहेर गेला. काचेतनं दिसतोय.

पिकअपला दोन्ही बाजूंना लांब बाहेर काढलेले आरसे असतात, ट्रेलरच्या कडा दिसाव्यात म्हणून. मागे काही नसलं की ते आत ढकलायचे असतात. बाकीचे ढकलतात. मामाने कधी ढकलले नाहीत. रिकामा परततानाही तसेच बाहेर. म्हणायचा, घरी पोचेपर्यंत दुसरा ट्रेलर मिळतोच, कशाला आत-बाहेर करायचं.

त्याने आपल्या बाजूचा आत ढकललाय. आता माझ्या बाजूच्याला लागलाय. एक हात लावला. दोन लावले. खांदा लावला. एवढ्या वर्षांत गंजून बसलाय तो, हलत नाही. मामा थांबला, तळवे पँटला पुसले, इकडे काचेकडे बघितलं नि लगेच नजर वळवली. बोलावणार नाही तो. परत लावला खांदा.

बस, मला आता जायला हवं.